मोठ्या पडद्यावर चित्र का अडखळते?

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपवर लंबकाची आंदोलने दाखवणारा कार्यक्रम चालू आहे, अशी कल्पना करा. लंबक अगदी सुरळीत हलतो आहे. साऱ्या वर्गाला दिसावे म्हणून लॅपटॉपला केबलने एक मोठा मॉनिटर जोडला आणि लंबक उड्या मारत जाऊ लागला! माऊसचा बाणही हाताच्या मागे रखडू लागला. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, ‘लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या.’ पण शाळेचे हजारो रुपये खर्चण्यापूर्वी थोडा हिशेब करून पाहू या.

पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. पुष्कळ लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला, तर २०,७३,६०० ठिपके झाले. एका ठिपक्याचा रंग साठवायला सामान्यतः ४ बाइट लागतात, आणि पडद्याकडे सेकंदाला बहुधा ६० चित्रे जातात. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट! ‘फोर-के’ मॉनिटरवर ३,८४० × २,१६०, म्हणजे चौपट ठिपके असतात. दोन्ही पडदे मिळून काम पाचपट झाले. वेळ मात्र तेवढाच : एका चित्रामागे १/६० सेकंद, म्हणजे जेमतेम १६.७ मिलिसेकंद.

हे काम कोण करते? लॅपटॉपच्या मुख्य प्रक्रियकात, म्हणजे प्रोसेसरमध्ये, गणित करणारे मोजकेच गाभे असतात. ते तऱ्हेतऱ्हेची अवघड कामे करतात. पण लाखो ठिपक्यांवर एकच साधी क्रिया करायची, तर एकट्या रांगोळीवालीने सारे मैदान भरण्यासारखे होते. म्हणून चित्रांसाठी वेगळा ग्राफिक्स प्रोसेसर असतो. त्यात पुष्कळ छोटे गणक एकाच वेळी काम करतात. जणू शाळेतल्या प्रत्येक मुलाने एकेक ठिपका भरावा!

आता चूक कोठे होऊ शकते ते पाहू. तीन जागा संशयास्पद आहेत.

पहिली जागा ‘ड्रायव्हर’ची. हा कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स प्रोसेसर यांच्यामधला दुभाषा. तो नसला किंवा चुकीचा असला, तरी लिनक्स पुष्कळदा पडदा काळा ठेवत नाही. सारे रेखाटन मुख्य प्रोसेसरकडूनच करून घेते. हे करणाऱ्या आज्ञावलीचे नाव ‘एलएलव्हीएमपाइप’. लहान पडद्यावर हे कसेबसे निभावते, पाचपट ठिपके आले की धाप लागते.

दुसरी जागा दोन ग्राफिक्स प्रोसेसरांमधली. काही लॅपटॉपमध्ये एक प्रोसेसर मुख्य चिपमध्येच असतो आणि दुसरा स्वतंत्र. मॉनिटरचे भोक कधीकधी थेट दुसऱ्याला जोडलेले असते. मग चित्र पहिल्याने काढायचे, त्याची नक्कल दुसऱ्याकडे पाठवायची आणि मग ते मॉनिटरवर जायचे, असा द्राविडी प्राणायाम घडतो.

तिसरी जागा केबल आणि तिची दोन टोके. एचडीएमआय १.४ या २००९ सालच्या मानकानुसार फोर-के चित्रे सेकंदाला जास्तीत जास्त ३० जाऊ शकतात. साठ चित्रांची सोय २०१३ च्या २.० या आवृत्तीत आली. लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर यांपैकी एक जरी जुने असले, तरी सारी साखळी त्याच्याच चालीने चालते.

आता गुन्हेगार कसा पकडायचा? प्रथम मॉनिटर काढा. लॅपटॉप तरीही मंद असेल, तर दोष केबलचा नाही. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट’ या पानावर ‘ग्राफिक्स’पुढे काय लिहिले आहे ते वाचा. तेथे एलएलव्हीएमपाइप किंवा ‘सॉफ्टवेअर रेंडरिंग’ असे दिसले, तर योग्य ड्रायव्हर बसवणे हाच उपाय. मॉनिटर काढताच सारे सुधारले, तर तो पुन्हा जोडून ‘डिस्प्ले’च्या पानावर सेकंदाला किती चित्रे जात आहेत ते पाहा. ३० असतील, तर केबलवर संशय घ्या. ६० असूनही चित्र रखडत असेल आणि लॅपटॉपला दोन ग्राफिक्स प्रोसेसर असतील, तर मॉनिटर दुसऱ्या भोकाला जोडून पाहा.

येथे एक फसवी जागा आहे. समजा, तुम्ही मॉनिटरचे ठिपके चौपट कमी केले आणि चित्र सुरळीत झाले. मग भार जास्त होता, असे सिद्ध झाले का? नाही! ठिपके कमी होताच संगणक पुष्कळदा ३० वरून आपोआप ६० चित्रांवर जातो. एकाच प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या. म्हणून यादीत ३० चा पर्याय असेल, तर ठिपके कमी ठेवून मुद्दाम ३० निवडा. आता सुधारणा टिकली, तर दोष भाराचा; चित्र पुन्हा अडखळले, तर दोष चित्रांच्या संख्येचा, म्हणजेच बहुधा जुन्या केबलचा किंवा भोकाचा.

लंबकाचा आवर्तकाल मोजताना तुम्ही लांबी बदलता, तेव्हा गोळा तोच ठेवता. नियम तोच आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निरीक्षण वहीत लिहायचे. तुमच्या शाळेत ‘मंद’ म्हणून कपाटात टाकलेला लॅपटॉप असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने तो बाहेर काढा आणि या क्रमाने तपासा. कदाचित नव्या लॅपटॉपऐवजी नुसती एक केबलच आणावी लागेल.