लग्नाच्या लाइव्हचा आवाज नेमका कोण बंद करतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... हां..." काढलेत. सध्या मोडनिंबलाच आहे, घरून काम चालू आहे. रेकॉर्डिंगमध्ये मागून पुणे-सोलापूर हायवेवरचे हॉर्न ऐकू आले असतील, त्याला इलाज नाही.

लग्नसराई चालू झाली की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, बहिणीच्या लग्नाचं लाइव्ह केलं, मध्येच आवाज गेला. नेट तर फुल होतं. मग झालं काय?" उत्तर असं, की बहुतेक वेळा नेटचा काही संबंध नसतो. मांडवात कुणीतरी गाणं लावलेलं असतं आणि ते गाणं मशीनने ओळखलेलं असतं.

मशीन गाणं ओळखतं कसं, ते आधी बघू. २००२ साली इंग्लंडमध्ये शाझाम नावाची सेवा सुरू झाली. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. लोक २५८० हा नंबर लावायचे, फोन स्पीकरसमोर धरायचे आणि थोड्या वेळाने गाण्याचं नाव मेसेजने यायचं. त्यामागचं डोकं ॲव्हरी वँग यांचं. २००३ मध्ये त्यांनी पद्धत लिहून जाहीर केली. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनाचा आवाज सगळ्यात ठळक आहे तेवढंच टिपायचं, बाकी टाकून द्यायचं. उरतात ते ठिपके. दोन-दोन ठिपक्यांची जोडी आणि त्यांच्यामधलं अंतर, याचा एक आकडा बनवायचा. असे हजारो आकडे म्हणजे त्या गाण्याचा अंगठ्याचा ठसा.

गंमत अशी, की गर्दीचा गोंगाट, भांड्यांचा आवाज, कुणाचं "ए बाळ्या, पाणी आण" हे सगळं वरून आलं तरी ठळक ठिपके बऱ्यापैकी तसेच राहतात. म्हणून कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या बॉक्सवर वाजणारं गाणंसुद्धा मशीन सहज पकडतं. माणसाला कळत नाही तिथे मशीनला कळतं!

प्रत्येक कंपनीची आतली पद्धत वेगळी, पण तत्त्व याच जातीचं. यूट्यूबचं उदाहरण घेऊ, कारण त्यांनी आपले नियम लिहून ठेवलेत. त्यांची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे. संगीत कंपन्या आपली गाणी तिथे जमा करतात आणि अपलोड होणारा व्हिडिओ त्या साठ्याशी ताडून बघितला जातो. जुळलं, तर काय करायचं ते गाण्याच्या मालकाने आधीच ठरवलेलं असतं: व्हिडिओ अडवायचा, त्यावर जाहिरात लावून पैसे घ्यायचे, की नुसतं लक्ष ठेवायचं. लाइव्ह चालू असताना जुळलं, तर आधी सूचना येते. तरी गाणं चालूच राहिलं तर प्रक्षेपण थांबू शकतं.

आता आमच्या घरचं सांगतो. दुसऱ्याच एका ॲपवरचं आहे, नाव घेत नाही.

चुलत बहिणीचं लग्न पंढरपूरला होतं. आज्जीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. ती मोडनिंबला कॉटवर, सोबतीला आत्या, समोर उशीला टेकवलेला मोबाइल. दाजींनी कार्यालयात स्टँडवर फोन लावून लाइव्ह चालू केलं. नवरीच्या एंट्रीला डीजेवाल्याने सिनेमातलं गाणं लावलं आणि दोन मिनिटांत आवाज गायब. चित्र चालू. अक्षता पडताना दिसताहेत, भटजींचे ओठ हलताहेत, आणि घरात चिडीचूप. आज्जीला वाटलं तिच्या कानातलं मशीन बंद पडलं. तिने ते काढलं, आत्याकडून सेल बदलून घेतला, परत घातलं. तोवर मंगळाष्टकं संपली होती.

संध्याकाळी रेकॉर्डिंग बघितलं तर त्यातही तोच भाग मुका. बहिणीने घेतलेला उखाणा पण त्यात गेला. तिने नंतर फोन करून आज्जीला उखाणा म्हणून दाखवला, आज्जी हसलीसुद्धा. पण मांडवातला तो मांडवातला.

इथे तांत्रिक मुद्दा असा, की गाणं आणि भटजींचा आवाज एकाच माइकमधून, एकाच पट्टीत जातात. मशीनला गाणं बंद करायचं असतं, पण सोपा मार्ग म्हणजे सगळाच आवाज बंद. त्या एंट्रीच्या गाण्यासोबत मंगळाष्टकंही गेली, ती अशी.

मग कायदा काय म्हणतो? आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कलम ५२(१)(झेडए) आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग धरत नाहीत. आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रम येतात, असं लिहिलंय. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाने सूचना काढून याच कलमाची आठवण करून दिली.

पुढे गोव्यात हे प्रकरण तापलं. तिथे हॉटेलात लग्नं भरपूर. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं, की लग्नात गाणी लावायला हॉटेलांनी किंवा कॉपीराइट संस्थांनी परवानगीचा नि पैशांचा आग्रह धरू नये. फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे पीपीएल, कोर्टात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. नीट ऐका हं, परिपत्रक रद्द झालं, कलम नाही. कायद्याने जेवढी सूट दिली तेवढीच, सरकारला कागद काढून ती वाढवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. व्हॉट्सॲपवर मात्र "लग्नात गाण्यांवर बंदी" असं फिरलं. आपल्याकडे निकाल वाचायच्या आधी फॉरवर्ड होतो.

पण ही सूट समारंभात गाणं वाजवण्याची. लाइव्ह करून ते जगाला दाखवणं त्यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. शिवाय मशीन कायदा वाचत नाही. ते फक्त ठसा जुळवतं. लग्न आहे, वरात आहे, की दुकानाची जाहिरात आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. माझं मत विचाराल तर हा दोष मोठा आहे: कायद्याने दिलेली सूट सॉफ्टवेअर लिहिताना कुणी धरलीच नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, निदान फक्त गाण्याचा आवाज कमी करून माणसांचा ठेवणं आज अशक्य नाही. यूट्यूबवर अपलोड झालेल्या व्हिडिओतलं तेवढं गाणं काढायची सोय आहेच. लाइव्हला ते जास्त अवघड, हे मान्य.

"जुनी गाणी लावली तर?" असंही विचारतात. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ पर्यंतची रेकॉर्डिंगं २०२४ संपताना मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे जुनं म्हणजे फुकट, असं नाही. पारंपरिक ओव्या, मंगळाष्टकं कुणाच्या मालकीची नाहीत, पण त्यांची कॅसेट लावलीत तर त्या रेकॉर्डिंगला मालक असतो. भटजींनी तोंडाने म्हटली तर प्रश्न नाही. हलगी, सनई समोर वाजत असेल तर सहसा अडत नाही. बेंजोवाल्यांनी सिनेमाची चाल वाजवली तर मात्र कधीकधी मशीन चालही ओळखतं.

आता करायचं काय ते सांगतो. घरात बघणारी दोन-चारच माणसं असतील तर लाइव्हच्या भानगडीत पडू नका, सरळ व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल लावा. तो एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, मधे बसून गाणी तपासणारं कुणी नाही, आणि ३२ जण जोडता येतात. लाइव्हच हवं असेल तर डीजेवाल्याला आधी सांगा, अक्षता ते उखाणे या वेळात बॉक्स बंद. एंट्रीचं गाणं हवंच असेल तर लाइव्ह एंट्रीनंतर चालू करा.

आणि दुसऱ्या एका फोनवर साधं रेकॉर्डिंग चालू ठेवा, एअरप्लेन मोडवर, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येऊन ते तुटणार नाही. त्या फाइलला कुणी हात लावत नाही. पेन ड्राइव्हमध्ये टाकून टीव्हीला लावली की आज्जी-आजोबांना मोठ्या आवाजात ऐकू येतं.

यूट्यूबवर व्हिडिओ अडकलाच, तर क्लेमवर हरकत घेता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, त्यांनी उत्तर दिलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. पण त्यांनी रीतसर काढून टाकायची मागणी केली तर स्ट्राइक बसू शकतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद. म्हणून ज्या चॅनेलवर तुमची रोजची कामं आहेत, तिथे लग्नाचा व्हिडिओ टाकून भांडत बसू नका, त्यासाठी वेगळं खातं काढा.

पुढच्या भागात स्मार्ट टीव्हीचा रिमोट आणि आपले तात्या, हा विषय घेतोय. तुमच्या घरचे किस्से व्हॉइस नोटमध्ये पाठवा, एक मिनिटाच्या आत, आणि मागे गाणं लावू नका.