एका सकाळीत दोन पावसाळे: भंडारदऱ्याभोवतीची धाव

जुलै उजाडला की नगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट रोज येऊ लागते. घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी, अकोले अशी गावांची नावं आणि प्रत्येकापुढे चोवीस तासांत पडलेला पाऊस. प्रवरेच्या काठचा शेतकरी ती वाचतो धरण किती भरलं हे कळावं म्हणून. मला मात्र ती चौकट पळण्याच्या रस्त्याचा नकाशा वाटते. घाटघरपुढे एखाद्या दिवशी तीनशे मिलिमीटरच्या वरचा आकडा असतो. नगर शहरात वर्षभराचा सरासरी पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे घाटघरला दोन दिवसांत जेवढं कोसळतं, तेवढ्यावर त्याच जिल्ह्याचं मुख्य ठिकाण वर्ष काढतं! आणि पाऊस असा झपाट्यानं उतरत जातो तो सगळा प्रदेश भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या एका रस्त्यावर, दोन पायांच्या आवाक्यात आहे.

शेंडी गावातून निघायचं. पाणी डाव्या हाताला ठेवून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर गाठायचं. तिथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी दक्षिण काठानं वळसा घालून परत शेंडी. फेरी चाळीसेक किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ मॅरेथॉन. सगळी एका दमात करायची गरज नाही. शेंडी ते पांजरे आणि परत एवढं धावलात तरी उजवीकडे कळसूबाईची रांग आणि पुढे अलंग, मदन, कुलंग यांची टोकं सोबत राहतात. कळसूबाई 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. रस्ता साडेसातशे मीटरच्या आसपास. तुमच्या डोक्यावर जवळजवळ नऊशे मीटर डोंगर उभा असतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईहून आलेल्याला पहिल्या चढावर धाप जरा लवकर लागली, तर त्यात या विरळ हवेचाही वाटा आहे.

पायाला आधी कळतो तो खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि भाकरीवर भाकरी रचावी तसे त्याचे थर साचत गेले. प्रत्येक थराचा गाभा सावकाश निवला म्हणून घट्ट झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो सच्छिद्र राहिला. पावसानं सच्छिद्र भाग लवकर झिजतो आणि तिथे सपाटी तयार होते. घट्ट भाग टिकतो आणि त्याचा कडा होतो. या डोंगरांत पायवाटेनं धावणाऱ्याला सलग चढ क्वचितच मिळतो तो यामुळेच. थोडं सपाट, मग अंगावर येणारा टप्पा, पुन्हा सपाट. किल्ल्यांच्या माच्या याच सपाट्यांवर वसल्या आणि कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या बसवाव्या लागल्या त्या याच कड्यांपायी. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे एकदा थांबून दगड जवळून बघा. मसुराएवढी, कुठे वाटाण्याएवढी भोकं दिसतील आणि काहींत पांढरे स्फटिक. लाव्हा निवल्यावर त्यातून झिरपलेल्या पाण्यानं विरघळवून आणलेली खनिजं त्या बुडबुड्यांच्या जागी बसली आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वायूचा एक बुडबुडा आपल्या बोटाच्या टोकाखाली येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पाणी साठतंही याच खडकामुळे. प्रवरा जिथे डोंगरांच्या चिंचोळ्या फटीतून बाहेर पडते, तिथे 1910 ते 1926 या काळात दगडी धरण बांधलं गेलं. उंची सुमारे 82 मीटर, साठा 11 टीएमसी. 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पहाटे या पाण्याकाठी धावताना एक गोष्ट ऐकण्यासारखी असते. पलीकडच्या काठावरच्या गुरांच्या घंटा, कुणीतरी कुणाला घातलेली साद हे सगळं हाकेच्या अंतरावरून आल्यासारखं स्पष्ट येतं. रात्रभरात पाण्यालगतची हवा थंड होते, तिच्यावर त्या मानानं उबदार हवा असते. ध्वनी उबदार हवेत जास्त वेगानं जातो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि पाण्याला धरून दूरवर पोचतो. उन्हं तापली की ही रचना मोडते आणि पलीकडचा काठ गप्प होतो. तेव्हा पांजऱ्यापर्यंत तरी कानांत काही अडकवून धावू नका.

घाटघरला जमीन संपते. समोर चारशे मीटरहून खोल कोकण. अरबी समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला धडकून वर चढतात. वर जाताना हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पानं भरलेली हवा किलोमीटरमागे साधारण सहा अंशांनी. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते इथेच कोसळतं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर! भिंत ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, कोरडी होते, आणि राहुरी-पाथर्डीचा माणूस आभाळाकडे बघत बसतो. पावसाळा सरताना धावलात तर हा फरक अंगाला जाणवतो. घाटघरच्या धुक्यात सदरा चिंब होतो आणि शेंडीत परत येईतो अंगावरच वाळतो.

इथेच पाणलोटाची सीमा आहे. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. चार पावलं पलीकडे पडलेला काही तासांत कोकणात. आणि माणसानं या सीमेलाही वळण दिलंय. घाटघरच्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात विजेची मागणी वाढली की वरच्या तळ्यातलं पाणी कोकणातल्या तळ्यात सोडून वीज करतात आणि मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

साम्रदपासून झाडी दाटते. साम्रदला सांदण दरीची अरुंद घळ, पुढे रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आणि पुष्करणी. इथे दहा मिनिटं थांबलात तर फेरीचं काही बिघडत नाही. हा सगळा भाग 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हिरडा, जांभूळ, सादडा आणि खाली कारवी. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्याच काठ्यांच्या कुडाला शेण-माती लिंपून इथल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर भिंती उभ्या राहत आल्या. हिरडा वेचणं हे तर इथल्या घरांचं रोख उत्पन्न. झाडाखाली पडलेली फळं कुणाच्या तरी मेहनतीची आहेत, हे ध्यानात ठेवावं.

पळायला यायचं ते सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. तेव्हा पठारांवर पिवळी सोनकी असते, भातखाचरं पिकायला लागलेली असतात आणि वाटाड्याही सवडीनं भेटतो. ऐन जुलैत धुक्यामुळे दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, तेव्हा धावू नये. मे सरताना काजव्यांची झाडं बघायला शेकडो गाड्या येतात. नर-मादी एकमेकांना त्या उजेडानंच शोधतात. गाडीच्या दिव्यांनी त्यांची ती खूणच पुसली जाते. गाडी शेंडीतच ठेवून अंधारात सावकाश चालत जावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे गावातला जाणता माणूस सोबत हवाच.

आता पायांचं. 2002 साली अल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चढ-उतारावर धावण्याचा खर्च मोजला. शंभराला दहा चढ असला, तर तेवढ्याच अंतराला सपाटीपेक्षा दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. शंभराला वीस उतारावर सपाटीच्या जवळपास निम्मीच. त्याहून तीव्र उतार आला की खर्च पुन्हा वाढतो, कारण शरीर आवरण्यातच ताकद जाते. चढापेक्षा दुखतो मात्र उतारच. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांचे तंतू सूक्ष्म पातळीवर दुखावतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पण स्नायू एकाच खेपेत शिकतात: एकदा उतारावर नीट धावलं की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी दुखवतो. म्हणून पहिली खेप सप्टेंबरअखेर छोटी ठेवा, रतनवाडीहून मुतखेलपर्यंतचीच, आणि पूर्ण फेरी ऑक्टोबरात घाला.