नियम बेचाळीस आणि आर्णीची पऱ्हाटी

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पऱ्हाटी अशी माजली की बऱ्याच वावरांत ती माणसाच्या डोक्याला लागली. ओळी एकमेकींत मिसळल्या, तासांमधून चालायला जागा उरली नाही. एरवी असं पीक पाहून गावात कौतुक झालं असतं. पण त्याच वर्षी बोंडअळी, तुडतुडे, पांढरी माशी सगळ्यांनी एकदम हल्ला केला, आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस त्या हिरव्या भिंतींमधून फवारत निघाला. गुडघ्याएवढ्या पिकावर फवारा खाली पडतो. डोक्याएवढ्या पिकावर नळी वर धरावी लागते. तुषार चेहऱ्यावर, मानेवर, उघड्या हातांवर येतात, आणि ओली पानं मांड्यांना पुसत जातात. बाजारात तेव्हा बॅटरीवर चालणारे स्वस्त चिनी पंप आले होते. त्यांचे तुषार हातपंपापेक्षा बारीक, म्हणजे हवेत जास्त वेळ तरंगणारे. दांडा मारायचे कष्ट वाचले, त्यामुळे दिवसभरात जास्त पंप संपू लागले. मजुरी पंपाच्या हिशेबाने असेल तर माणूस थांबतो कशाला?

ऑगस्टपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारे येऊ लागले. कुणाला उलट्या, कुणाची नजर धूसर, कुणाचा श्वास अडलेला. हंगाम संपेपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली आणि आठशेहून अधिक दवाखान्यात दाखल झाली. आर्णी हा या विषबाधेत होरपळलेल्या तालुक्यांपैकी एक. अरुणावतीच्या काठचं, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचं हे गाव यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटर. पण वावरातून गावात, गावातून आर्णीला आणि तिथून यवतमाळला पोचेपर्यंत विषाला भरपूर वेळ मिळतो. याच तालुक्यातल्या दाभडीत मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदींनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली होती. तेव्हा विषय कापसाच्या भावाचा होता. कापूस पिकवताना माणूस मरतो, याची चर्चा व्हायला आणखी तीन वर्षं जावी लागली.

शेतकरी स्वावलंबन मिशनचे तेव्हाचे अध्यक्ष किशोर तिवारी यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं, वर्तमानपत्रांनी लावून धरलं. ऑक्टोबरमध्ये अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकाही आली. या सगळ्या गदारोळात एक वाक्य मात्र सगळ्यांच्या तोंडी होतं: शेतकऱ्यांना, मजुरांना प्रशिक्षण द्यायला हवं. सरकार म्हणालं, कंपन्या म्हणाल्या, कृषी खातं म्हणालं. वाक्य खरंच आहे. म्हणूनच ते जरा खोलात जाऊन तपासायला हवं: कुणी, कुणाला, काय शिकवायचं होतं?

आधी कायदा. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्य-पिठाच्या वाहतुकीत सांडलं आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. त्यानंतर न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग बसला आणि त्या वाटेने १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. नियमांच्या आठव्या प्रकरणात कामगाराच्या जिवाची काळजी ओळीने लिहिली आहे. विष हाताळणाऱ्याची वैद्यकीय तपासणी, ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं विष असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेजची नियमित मोजणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधनं, उताऱ्याच्या औषधांचा साठा. आणि नियम बेचाळीस: उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांनी आपल्या कामगारांना सुरक्षिततेचं आणि साधनं वापरण्याचं योग्य प्रशिक्षण द्यावं.

वाचून वाटतं, काम झालं की. पण मूळ कायद्याचं अडतिसावं कलम काढून पाहा. घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या कसणुकीतली जमीन, इथल्या कीटकनाशकाच्या वापराला हा कायदा लागूच होत नाही. लहान शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा, आणि तो चुकीचा म्हणवत नाही. परिणाम मात्र असा की कापसाचं वावर या कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिलं, आणि त्या वावरात रोजाने फवारणारा मजूरही बाहेर राहिला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक रसायनांची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं प्रोफेनोफॉस एखाद्या एमआयडीसीतल्या बंद टाकीत ढवळलं जात असताना त्याच्या जवळच्या माणसाला हक्क होता. तेच प्रोफेनोफॉस बाटलीत भरून आर्णीच्या बाजारात आलं, कुणाच्या तरी पाठीवर चढलं आणि गळक्या झाकणातून त्याच्या कमरेवर झिरपू लागलं, की हक्क संपला.

झिरपणं हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गावात धास्ती असते ती विष पोटात जाण्याची. अंगावर सांडलेलं विष पुसून टाकलं की झालं, असं वाटतं. अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी सत्तरच्या दशकाच्या आसपास माणसांच्या त्वचेतून पॅराथिऑन किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागातून नऊ टक्क्यांच्या आत. तळहातातून बारा टक्क्यांच्या जवळपास. कपाळातून छत्तीस. आणि जांघेतल्या अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सगळंच. आता पाठीवरचा पंप आठवा. गळती पाठीवरून खाली कुठे उतरते? उंच पऱ्हाटीची ओली पानं कुठे घासतात? हातमोजे मिळाले तरी सगळ्यात धोक्याची जागा उघडीच. हे शिबिरात पुरुषांसमोर मोकळेपणाने सांगायला हवं. पण आपल्याकडे व्यासपीठावर साहेब, समोर सरपंच आणि मागे हार असले, की असल्या गोष्टी कुणी बोलत नाही.

आत शिरलेलं ऑर्गॅनोफॉस्फरस मज्जातंतूंच्या संदेशयंत्रणेत घोळ घालतं. एका मज्जातंतूकडून पुढे गेलेला निरोप पुसून टाकण्याचं काम कोलिनेस्टरेज करतं. ते बंद पडतं, आणि निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू फडफडतात, शेवटी छातीच्या स्नायूंचं काम थांबतं. ॲट्रोपिन आणि पॅम हे त्याचे ठरलेले उपचार. पण २०१७ मध्ये माणसं एकच विष मारत नव्हती. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण, त्यात मोनोक्रोटोफॉस किंवा ॲसिफेट, वरून एखादं टॉनिक. डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला तर ठरावीक उतारा नाही. डॉक्टरांपुढे आलेला माणूस बेशुद्ध, आणलेल्या नातेवाइकाला नाव माहीत नाही. कोलिनेस्टरेज मोजायची सोयही त्या वेळी यवतमाळच्या रुग्णालयात नव्हती. नियमांनी जी तपासणी कारखान्यातल्या कामगारासाठी बंधनकारक केली, ती मरणाच्या दारातल्या मजुरालाही मिळाली नाही.

मग प्रत्यक्षात फवारणाऱ्याला शिकवतं कोण? कृषी केंद्राचा मालक. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. अळी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पान पाहून, उधारी लिहून, दहा मिनिटांत सल्ला देणारा तालुक्यात दुसरा कोणी नाही. कृषी खात्याच्या माणसाकडे गावांचा पसारा एवढा की त्याला गाठणं हेच अर्ध्या दिवसाचं काम. सरकारलाही हे कळलेलं आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ‘देसी’ हा निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम २००३ पासून चालतो. पण त्याच काउंटरवर विक्रीची टक्केवारीही असते. ज्याची कमाई बाटल्यांच्या संख्येवर आहे, त्याने ‘सापळ्यात पतंग किती अडकले ते मोजून या, मगच बघू’ असं म्हणावं, ही अपेक्षा अभ्यासक्रमाने पूर्ण होणारी नाही.

बाटलीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लालवर कवटी आणि हाडं. तोंडावाटे वा त्वचेवाटे किती मात्रा प्राण्याला मारते, यावरून तो रंग ठरतो. नियमानुसार सोबतच्या पत्रकात हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषाही हवी. ते पत्रक उघडून पाहिलं आहे का कधी? चार-पाच घड्यांचा पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. आर्णी तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तिथे घरात गोरमाटी बोलतात. ‘वाऱ्याच्या प्रतिकूल दिशेने फवारणी करू नये’ हे वाक्य तर मराठी घरातल्या माणसालाही दोनदा वाचावं लागतं. ‘वारा पाठीवर घे’, एवढंच म्हणायचं असतं.

शिबिरं झाली, होतात. २०१७ नंतर सुरक्षा किटही वाटली गेली: मास्क, चष्मा, हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा. शिबिराला येतो तो सातबारावर नाव असलेला. फवारतो तो त्याचा सालगडी, किंवा सकाळी चौकातून आणलेला रोजंदार. सालगड्याने त्या दिवशी शिबिराला यायचं तर रोज बुडतो. किट मालकाच्या घरी खुंटीवर. आणि समजा ते किट मजुराच्या अंगावर आलं. पावसाची उघडीप पडल्यावरचा विदर्भातला सप्टेंबर, दमट हवा, पाठीवर सोळा लिटर पाणी, अंगात प्लास्टिक. अर्ध्या तासात घाम डोळ्यांत उतरतो, चष्म्यावर वाफ धरते, पुढचं दिसत नाही. माणूस चष्मा काढतो, मग मास्क. विसाव्याला धुऱ्यावर बसून त्याच हाताने सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो. या खर्ऱ्याबद्दल शिबिरात सगळे हसून बोलतात, पण विषाला तोंडापर्यंत जाण्याचा तो रोजचा रस्ता आहे. साबण आणि पाण्याचा डबा वावरात नेऊन ठेवणं हे किटपेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं आहे.

उष्ण प्रदेशातल्या या अडचणीचा विचार जगात आधीच झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आचारसंहिता सांगते की जे कीटकनाशक हाताळताना गैरसोयीचे, महाग किंवा सहज न मिळणारे संरक्षक कपडे लागतात, ते टाळावं. विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. तिथे दोष अंगरख्याकडून बाटलीकडे जातो. आपल्या चर्चेत तो मजुराकडे राहिला. ‘किट घातलं नाही’ हे कारण मृत्यूच्या बातम्यांत इतक्या वेळा आलं की जणू मजूर किट सोडून विष अंगावर घ्यायलाच निघाला होता.

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची उतरंड ठरलेली आहे. आधी धोका काढा. जमत नसेल तर सौम्य पर्याय आणा. मग यंत्र सुधारा. मग कामाची पद्धत बदला, शिकवा. आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधनं. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, डायफेन्थियुरॉन होतं, प्रोफेनोफॉसचं मिश्रण होतं. साठ दिवस! तोवर हंगामच संपत आला होता. मोनोक्रोटोफॉसची ओळख देशाला पुरती झालेली होती. २०१३ मध्ये बिहारमधल्या छपऱ्याजवळ शाळेच्या मध्यान्ह भोजनात तेच मिसळलं गेलं आणि तेवीस मुलं मेली. श्रीलंकेने १९९५ मध्येच ते बंद केलं होतं, आणि घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने आणलेल्या बंदीनंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाणही झपाट्याने उतरलं. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या सर्रास विकल्या जाणाऱ्या द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा आदेश २०२३ मध्ये निघाला, तोही साठा संपवायला मुदत देऊन. दरम्यान सप्टेंबर २०२०मध्ये यवतमाळच्या एक्कावन्न कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीच्या डायफेन्थियुरॉनविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार गेली होती. कंपनीने आरोप फेटाळले.

विष कमी करायचं तर शिकवायला बरंच आहे, आणि ते मास्क-हातमोज्यांहून रंजकही आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पुढच्या दहा वर्षांत गुलाबी बोंडअळीने दोन्ही पचवली. आता बीटी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि अळी दिसली म्हणून लगेच पंपही उचलायचा नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा हिरव्या बोंडांपैकी दहा टक्के किडली, की फवारणीची वेळ. त्याआधी पाच टक्के निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं. सापळ्यातले पतंग मोजायला नववीतली पोरगीही पुरते. तिची वही पाहून कृषी केंद्रात जाणारा बाप दोन बाटल्या कमी आणील, यावर माझा विश्वास आहे.

आणि ज्याला फवारायचंच आहे, त्याचं प्रशिक्षण पोळ्याच्या आत, तांड्यावर, संध्याकाळी, रोज न बुडवता व्हावं. सोबत गळका पंप आणि रंगीत पाणी हवं. पांढरा सदरा घालून दहा मिनिटं पऱ्हाटीत फिरवलं, की रंग कुठे लागतो ते प्रत्येकाला दिसेल. तिथे साहेबाला फार बोलावंच लागणार नाही. तुंबलेली नोझल तोंडाने फुंकायची नाही. दोन औषधं एकत्र करायची नाहीत. बरं वाटेनासं झालं तर कपडे तिथेच उतरवून अंग धुवायचं, आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यायची, रिकामी का असेना.

आणखी एक गोष्ट, जी या शिबिरांत सांगितली जायला हवी. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशकांची फवारणी करणारा मजूर ‘कामगार’ म्हणून नोंदलेला होता. कीटकनाशक कायद्याने ज्याला कुंपणाबाहेर ठेवलं, त्याला या जुन्या कायद्याने आत घेतलं होतं. २०१७च्या हंगामातही तो लागू होता. दावा दोन वर्षांच्या आत त्या कायद्याखालच्या आयुक्तांकडे करावा लागे. अडचण उघड आहे: दावा करायचा तो मालकावर, आणि मालक स्वतःच कृषी केंद्राच्या उधारीत. त्याच्यावर केस टाकणं म्हणजे गावातला पुढचा रोज गमावणं. सरकारने २०१७ मध्ये मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत दिली, ती मदत होती, भरपाई नव्हती. लहान मालकाच्या वतीने ही भरपाई भरणारा विमा कीटकनाशकाच्या विक्रीवरच्या शुल्कातून उभा करता येईल. बाटलीच्या किमतीत तो खर्च चढला, तर विक्रेत्यालाही शिकवण्याचं कारण मिळेल आणि उत्पादकालाही.