हजरतबली : काश्मीरचे उन्हाळी सफरचंद

भावप्रकाश निघंटूच्या आम्रादिफलवर्गात ‘सेव’ हे फळ वातपित्तशामक, बृंहण, कफकर, गुरू, शीत व रस-विपाकी मधुर असे वर्णिले आहे. पथ्यपत्रकावर आपण नुसते ‘सफरचंद’ लिहितो, तेव्हा हेच गुण गृहीत धरतो. परंतु प्रत्येक सफरचंद मधुररसाचे असते काय? काश्मीरमधील ‘हजरतबली’ हा जुना वाण या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

नाव काश्मिरी असले तरी वाण मूळचा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा. तिकडे तो ‘बेनोनी’ या नावाने एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. खास काश्मिरी म्हणावा असा गोड, सुगंधी ‘अंबरी’ शरदात उतरतो व महिनोन्‌महिने टिकतो. हजरतबली मात्र जुलैतच तयार होतो. फळ लहान ते मध्यम, पिवळसर सालीवर तांबडे पट्टे, गर पिवळट, कुरकुरीत व रसाळ. चव स्पष्ट आंबटगोड. उन्हाळी सफरचंदांचा सामान्य दोष याच्यातही आहे : पिकल्यावर फळ फार दिवस राहत नाही, गर पिठूळ होतो. दूरच्या बाजारास ते मानवत नाही आणि नव्या घन लागवडीत गाला, डेलिशियस यांनाच मागणी आहे. आपल्याकडे हजरतबली क्वचितच दिसेल. पण हिमाचलातून येणारी टायडमन, रेड जून ही याच हंगामातील फळे होत. त्यांनाही हाच विचार लागू करावा.

अम्लरस दीपन व रोचन, तसाच पित्तकर. आपल्याकडे हे फळ येते तो काळ वर्षा ऋतूचा. त्या वेळच्या अग्निमांद्यात व अरुचीत जेवणापूर्वी दोन-चार फोडी देणे युक्त वाटते. अम्लपित्ताच्या रुग्णास मात्र तेच फळ ‘सफरचंद शीतच’ म्हणून देणे उचित नव्हे. दुधाबरोबर अम्ल फळे चरकाने विरुद्ध मानली आहेत. सफरचंदाचे मिल्कशेक घरोघरी होते, त्याबद्दल आपण रुग्णास विचारतो किती?

मुरंब्यासाठी हे फळ घ्यावयाचे झाल्यास घट्ट असतानाच घ्यावे. पूर्ण पिकलेले पाकात विरघळून गोळा होतो. अम्लतेमुळे लोखंडी किंवा कल्हई नसलेले तांब्याचे पातेले वर्ज्य. आणि औषधनिर्मात्यांनी निर्मितीच्या नोंदवहीत ‘सफरचंद’ या शब्दापुढे वाणाचे नाव व खरेदीचा महिना अवश्य लिहावा.