पहिले ऑटोफोकस कॅमेरे : कपाटातून पुन्हा हातात

(औंढा नागनाथ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक विनंती करतो. घरी वडिलांचा, काकांचा जुना रोलचा कॅमेरा सापडला, तर मागचं झाकण लगेच उघडू नका. आत अर्धवट वापरलेला रोल असू शकतो. उजेड लागला की त्यावरची चित्रं गेली, ती परत येत नाहीत. मागे छोटी खिडकी असेल तर तिच्यातून पाहा. रोल गुंडाळायची कळ असेल तर बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. अडल्यासारखी वाटली तर आत रोल आहे असं समजा. तो पूर्ण गुंडाळून घ्या आणि धुवायला द्या. लांबणीवर टाकू नका, कारण आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, तापलेल्या घरात, न धुतलेला रोल वर्षागणिक फिका पडत जातो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. आपल्याकडे घरोघरी पोचले ते याशिका एमएफ-२ सुपर, नंतर कोडॅक केबी-१०. लोक त्यांना 'ऑटोमॅटिक' म्हणायचे, पण ते ऑटोफोकस नव्हेत. त्यांची भिंग एका जागी कायमची बसवलेली असते. खरा ऑटोफोकस दर फोटोला अंतर मोजतो आणि भिंग हलवतो.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला असा पहिला कॅमेरा म्हणजे कोनिका सी-३५ एएफ, साल १९७७. त्यातली अंतर मोजणारी यंत्रणा हनीवेल या अमेरिकन कंपनीची होती. दोन खिडक्यांतून एकाच वस्तूची दोन चित्रं घ्यायची आणि ती जुळवून पाहायची, म्हणजे आपले दोन डोळे करतात तेच. १९७८ मध्ये पोलरॉइडनं वटवाघळासारखी ध्वनिलहर सोडून अंतर मोजलं. १९७९ मध्ये कॅननचा एएफ-३५एम आला. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण सोडतो आणि परावर्तन कुठल्या कोनातून आलं त्यावरून अंतर ठरवतो.

हे तंत्र कळलं की चुका कुठे होतात तेही कळतं. एसटीच्या बंद काचेतून फोटो काढला तर किरण काचेवरच परततो आणि बाहेरचा डोंगर धूसर येतो. समोर गडद काळं काही असेल तर किरण शोषला जातो. परावर्तन आलंच नाही तर कॅमेरा समजतो, वस्तू लांब आहे.

मग १९८५ साली मिनोल्टा ७००० आला. भिंग बदलता येणारा, मोटर कॅमेऱ्याच्या अंगातच असलेला, आणि बाजारात खऱ्या अर्थानं चाललेला हा पहिला ऑटोफोकस एसएलआर. पेटंटवरून हनीवेलनं मिनोल्टाला कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये १२.७५ कोटी डॉलर वसूल केले. कॅननचा ईओएस ६५० आला १९८७ मध्ये. त्यानं मोटर भिंगात नेली.

या दोन्हींत मधोमध एकच आडवा संवेदक आहे. भिंगाच्या दोन कडांतून आलेली चित्रं एकमेकांपासून किती सरकली आहेत, हे तो मोजतो. गंमत अशी की त्याला उभ्या रेषा दिसतात, आडव्या दिसत नाहीत. कारण आडवी रेघ आडवी सरकली तर फरक कळणार कसा?

आपल्या नागनाथाच्या देवळाची बाहेरची भिंत डोळ्यांसमोर आणा. खाली दगडाचे आडवे थर, वर मूर्ती. थरांवर नेम धरला तर भिंग नुसतं पुढंमागं फिरत राहील. मूर्तीच्या उभ्या कडेवर नेम धरा, चटकन बसेल. किंवा कॅमेरा उभा करा, बटण अर्धं दाबून फोकस धरा, मग पुन्हा आडवा करून फोटो घ्या. फोकस असा धरून ठेवायची सोय सगळ्याच जुन्या मॉडेलांत नसते, घेण्याआधी तपासा.

विकत घेताना आणखी काय पाहायचं? पहिलं, सेलची जागा. सेल गळून हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर संपर्कपट्ट्या गेलेल्या असू शकतात. दुसरं, सेल कोणता लागतो. एएफ-३५एमला साधे दोन पेन्सिल सेल पुरतात. ईओएस ६५० ला ६ व्होल्टचा वेगळा लिथियम सेल लागतो, तो किराणा दुकानात मिळत नाही. तिसरं, त्या काळच्या ईओएसच्या शटरवर काळा चिकट डाग पडतो. आतला रबरी तुकडा विरघळून तो होतो, म्हणून झाकण उघडून पडदा नीट पाहा. चौथं, भिंगावरची बुरशी. आणि फ्लॅश असलेला कॅमेरा घरी खोलू नका. सेल काढल्यावरही आत शेकडो व्होल्टचा साठा राहू शकतो.

प्रश्न : सर, इतका खटाटोप करण्यापेक्षा मोबाइल काय वाईट?

वाईट काहीच नाही. रोल महाग, धुलाई महाग, आणि रंगीत रोल बहुधा कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवावा लागतो. म्हणून वर्षाला दोन-तीन रोलच ठरवा. पण हे कॅमेरे नुसते काचेच्या कपाटात ठेवू नका. न वापरता पडून राहिले की तेल घट्ट होतं, संपर्क गंजतात. आतली इलेक्ट्रॉनिक चकती एकदा गेली की तिचा सुटा भाग मिळत नाही. यांत्रिक कॅमेरा कारागीर घासून-पुसून चालू करतो. या पिढीतला कॅमेरा बंद पडला की बहुधा कायमचा. म्हणून महिन्यातून एकदा सेल घालून दहा-बारा वेळा रिकामा चालवा, मग सेल काढून ठेवा.

आणि दहा कॅमेरे जमवण्यापेक्षा एकच घ्या, चालणारा. त्यावर घरातल्या थोरांचे फोटो काढा, कागदावर छापून घ्या, मागे नाव आणि तारीख लिहा. इतकं केलंत तरी पुरे.