दांडीची रायफल आणि दहा मीटरचा कागद

निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. नेमबाजीची हौस लागलेल्या निपाणीकराला दोन्ही रस्ते धरावे लागतात. शिकायला, सरावाला, चार जाणत्यांना विचारायला कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूर. पण निपाणी कर्नाटकात, म्हणून लायसन्सचा अर्ज करायचा तर तवंदीचा घाट चढून बेळगावचं डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कॅम्पातून जाताना बंदुकीचा आवाज कानावर पडतो. पण लष्कराची रेंज लष्करासाठी असते. हौशी माणसाचे पाय शेवटी कोल्हापूरकडेच वळतात.

त्याला कारणही तसंच आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. रायफलीत हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. आणि १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. त्या दिवसानंतर सीमाभागातल्या कितीतरी घरांत ‘रायफल केवढ्याला मिळते?’ हा प्रश्न निघाला असेल. प्रश्न रास्त आहे, फक्त तो पहिला नाही.

गंमत अशी, की हौस लागते स्वप्नीलकडे बघून आणि डोक्यात रायफल असते हॉलिवूडच्या जॉन वेनची. घोड्यावर बसलेला, चापाखालची कडी खाली-वर करून धडाधड गोळ्या झाडणारा नायक आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. ती लीव्हर ॲक्शन, म्हणजे दांडीची रायफल. कडी खाली ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि घोडा ताणला जातो. वर घेतली की नवं काडतूस नळीत बसतं. १८६०च्या हेन्री रायफलीत १६ काडतुसं मावत, आणि एकेक गोळी भरून मारायच्या त्या जमान्यात ही चैनच होती. पुढे विंचेस्टरची १८७३ची आली, मग जॉन ब्राउनिंगनं आखलेली १८९४ची आली. ही शेवटची तर ७० लाखांहून जास्त विकली गेली. दिसायला देखणी, हातात हलकी, उजव्या-डावखुऱ्या दोघांनाही सोयीची. तिच्या प्रेमात पडणाऱ्याला मी हसणार नाही.

पण कागदावर नेम धरायचा तर तिच्या अडचणी उभ्या राहतात. बहुतेक मॉडेलांत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. म्हणजे प्रत्येक गोळीबरोबर पुढचं वजन कमी होतं, तोल बदलतो. ते नळकांडं मुख्य नळीला पट्ट्यांनी आवळलेलं असल्यामुळे नळी तापली की गोळीची जागाही सरकू शकते. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं टोक टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या त्यात घालणं धोक्याचं. बोथट गोळी वापरावी लागते आणि ती लांबवर लवकर मंदावते. जड घोडा पडायला वेळ घेतो. चाप ओढला आणि गोळी सुटली, या दोहोंमध्ये हात हलायला तेवढी फट मिळते. सगळ्यात मोठी गोम म्हणजे पालथं पडून मारताना कडी खाली न्यायला जागाच नसते. बोटांची सालं जमिनीला घासतात, नाहीतर दर वेळी रायफल खांद्यावरून उचलावी लागते. स्वप्नीलच्या प्रकारात गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अशा तिन्ही पवित्र्यांत नेम धरायचा असतो; तिथे ही कडी निव्वळ अडचण. शिवाय ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एकावेळी एकच काडतूस हातानं भरायची रायफल चालते. सोळा गोळ्यांच्या कोठाराला तिथे विचारतो कोण?

दांडीच्या रायफलीनं नेमबाजीत नाव कमावलंच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. फक्त ती दांडी वेगळी. १८७१ साली ब्रिटिश फौजेनं घेतलेल्या मार्टिनी-हेन्रीत चापामागची दांडी खाली केली की आतला ठोकळा झुकतो, एक काडतूस ठेवायचं, दांडी वर. कोठार नाही, नळीला काही बांधलेलं नाही. ब्रिटिश सोल्जरांना नवी ली-मेटफर्ड मिळाल्यावर ही रायफल हिंदी पलटणींच्या वाट्याला आली. बोअर युद्धात आपल्या शिपायांचा नेम किती कच्चा आहे हे इंग्रजांना कळलं, तेव्हा लॉर्ड रॉबर्ट्स यांनी गावोगाव .२२च्या छोट्या रायफलींचे क्लब काढण्याची चळवळ उचलून धरली. हे रॉबर्ट्स त्याआधी हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्या क्लबांसाठी बर्मिंगहॅमच्या बीएसएनं मार्टिनीचाच सांगाडा लहान करून .२२च्या रायफली बनवल्या आणि विसाव्या शतकाचा बराच काळ त्या इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कागद भेदत राहिल्या. आखूड दांडी, झटकन पडणारा घोडा, मोकळी नळी. कुणी मला विचारलं की दांडीचीच हवी तर कुठली, तर माझं बोट विंचेस्टरवर नाही, जुन्या बीएसए मार्टिनीवर पडेल.

आता कायद्याकडे. १९५९चा शस्त्र कायदा, २०१६चे नियम आणि २०१९ची दुरुस्ती हे तिन्ही वाचल्याशिवाय बंदुकीच्या दुकानाची पायरी चढू नये. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, दुरुस्तीनंतर दोन. लायसन्सची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षं झाली. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना शस्त्रांच्या संख्येत वेगळी सवलत आहे, ती हौशीला लागू नाही. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करण्याची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली. म्हणजे विंचेस्टर किंवा तिच्यासारखी मार्लिन घ्यायची तर इथे आधीपासून असलेली, कुणाच्या तरी लायसन्सवरची जुनीच घ्यावी लागते, आणि तिचं काडतूस मिळवताना तोंडाला फेस येतो. सरकारी कारखान्याची नवी मिळते ती ईशापूरची .३१५, पण तिला बोल्ट आहे, दांडी नाही. हा विचित्र आकडा आला इंग्रजी अमदानीतून: फौजेच्या .३०३चं काडतूस रयतेच्या हाती नको, म्हणून रयतेसाठी वेगळं माप. आणि सीमेवरच्या माणसानं लायसन्सवर लिहिलेलं क्षेत्र डोळ्यांत तेल घालून वाचावं. ते कर्नाटकापुरतं असेल तर कोगनोळीच्या पलीकडे रायफल नेणं हा गुन्हा ठरू शकतो, मग रेंज अर्ध्या-पाऊण तासावर का असेना.

म्हणूनच पहिला प्रश्न गोळीचा, रायफलीचा नंतर. थोडा हिशेब करू. स्पर्धेच्या एअर रायफलीचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास. ऊर्जा ८ ज्यूल. .२२ लाँग रायफलची २.६ ग्रॅमची गोळी ३३० मीटर वेगानं गेली तर १४० ज्यूल. आणि विंचेस्टरच्या .३०-३०ची गोळी अडीच हजार ज्यूलच्या घरात. कागदाला भोक पाडायला आठ पुरतात. .२२ची गोळी मोकळी सुटली तर किलोमीटरभराहून पुढे जाते, म्हणून तिला पक्का मातीचा बांध आणि रीतसर रेंज लागते. निपाणीच्या तंबाखूच्या वावरात ती सोय नाही, आणि वावरातला पलीकडचा माणूस दिसेलच असं नाही.

४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. दुकानदार ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा घेतो. दोन रस्त्यांचा तिढा इथे सुटतो. आणि दांडीची हौसही इथेच पुरी होते, कारण एअर रायफलीत दांडी शोभेची नसते, तीच हवा किंवा स्प्रिंग दाबते. १० मीटर एअर रायफल १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हाच्या फाइनवेर्कबाऊ आणि वाल्थरच्या नामांकित रायफलींना बाजूला दांडीच होती. सिलिंडरच्या रायफलींनी त्यांना नंतर मागे टाकलं.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी धरलेली आहे. ती मधून मोडते, नळी हीच तिची दांडी. स्वस्त आणि शिकायला बरी, पण बिजागरी ढिली झाली की नळी दर वेळी त्याच जागी बसत नाही आणि नेमाला खोट येते. नळीखाली वेगळी दांडी असलेल्या रायफलीत नळी हलत नाही, म्हणून मी नवशिक्याला, पैसे थोडे जास्त गेले तरी, तीच सुचवीन. वजन जास्त असतं हे खरं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला घरात उभं करून आधी पेलते का ते पाहावं. दांडी ताणलेली असताना छर्रा भरायचा तर दुसऱ्या हातानं ती घट्ट धरून ठेवायची. निसटली तर अंगठा चेंगरतो, हे दुकानदार सांगत नाही. छर्ऱ्याविना चाप ओढू नये, स्प्रिंग खराब होते. आणि ही रायफल आवळून धरायची नसते. स्प्रिंग पुढे-मागे दोन धक्के देते, तिला हातावर सैल राहू द्यावं, तेव्हा कुठे छर्रे एका जागी पडतात.

देशी पर्यायही आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनं सिमेंटच्या पाइपांबरोबर आयएचपी नावाच्या एअरगनही बनवल्या. जुन्या घरांत त्या अजून सापडतात. घेताना माशी आणि मागची खाच सरळ आहे का, चाप एकसारखा येतो का, एवढं बघा. दस्त्यावरच्या नक्षीवर पैसे घालवू नका. तेच पैसे छर्ऱ्यांवर घाला. कागदासाठी सपाट डोक्याचे छर्रे घ्यावेत, ते गोल स्वच्छ भोक पाडतात. तीन-चार जातींचे थोडे थोडे आणून १० मीटरवर पाच-पाच मारून बघा. एकाच रायफलीला एक जात मानवते, दुसरी मानवत नाही, आणि याला महाग-स्वस्ताचा नियम नाही. १० मीटरच्या अधिकृत कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पाहिला की जॉन वेन आपोआप विसरतो. पक्ष्यांवर मात्र कुणी छर्रा टाकू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्यात एअरगनची पळवाट नाही.

राहता राहिली वाड्यातल्या माळ्यावरची आजोबांची विंचेस्टर. या भागात इनामदार-देसायांच्या घरी अशी एखादी असते. ती चालवायच्या भानगडीत पडू नका. आधी ती कुणाच्या लायसन्सवर आहे ते बघा. धारक गेलेला असेल तर वारसानं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाचा अर्ज डीसी ऑफिसला द्यावा. सोबतची हिरवी पडलेली काडतुसं शस्त्राबरोबरच जमा करावीत, एकही झाडून बघू नये. नळी आतून गंजलेली असेल तर जाणत्या बंदूकवाल्याला दाखवावी आणि तो नको म्हणाला तर ऐकावं.