एआर सीन डिझाइन कुठून सुरू करायचं? आधी टेप, मग सॉफ्टवेअर



मागच्या व्हिडिओत मी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यात लाकडी देव्हारा "ठेवून" दाखवला होता. त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "सर, हे कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलं? कोर्स कुठला करू?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर सांगतो. उत्तर मात्र थोडं उलटं आहे. या धंद्यात सॉफ्टवेअर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर बदलणारा भाग आहे. टिकतात त्या दोनच गोष्टी: तुम्ही घेतलेलं खरं माप आणि तुमच्या हातात असलेली मॉडेलची फाईल.

माझी फजिती आधी ऐका

लातूरला एका फर्निचरवाल्यांकडे मी पहिला डेमो द्यायला गेलो. तीन फुटी देव्हाऱ्याचं मॉडेल रात्री जागून केलं होतं. दुकानात फोन धरला, बटण दाबलं, आणि देव्हारा थेट छताच्या वर गेला. मी मापाच्या चौकटीत नुसतं 3 लिहिलं होतं आणि सॉफ्टवेअरने ते 3 मीटर धरलं. म्हणजे जवळपास दहा फूट! मालक हसून म्हणाले, "सर, देव्हारा म्हणला व्हता, तुम्ही तर देऊळच आणलंत की."

चूक शंभर टक्के माझी होती. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. मॉडेल किती देखणं आहे हे मालकांनी विचारलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की निलंग्याहून एसटीने आलेल्या गिऱ्हाइकाला वस्तू घरात बसेल की नाही हे आधी कळायला पाहिजे. कपाट टेम्पोत घालून गावाला पोचवायचं, ते दारातून आत जात नाही म्हणून परत आणायचं, यात दोन्हीकडचं भाडं जातं, पॉलिश घासलं जातं आणि गिऱ्हाईकही नाराज होतं. तुम्ही विकणार आहात तो या त्रासावरचा उपाय.

एआर म्हणजे नेमकं काय होतं?

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजेच एआर, यात खरी खोली कॅमेऱ्यातून दिसते आणि तिच्यात न आणलेली वस्तू उभी केलेली दिसते. फोन कॅमेऱ्याच्या चित्रातले ठळक ठिपके ओळखतो: फरशीचा सांधा, चटईची नक्षी, टेबलाचा कोपरा. फोन हलला की हे ठिपके किती सरकले, हे तो आतल्या हालचालीच्या सेन्सरशी ताडून बघतो. त्यावरून जमीन कुठे आहे आणि वस्तू किती लांब दिसायला पाहिजे याचा हिशोब लागतो.

हे समजून घेतलं तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आपल्याकडे घराघरात चकचकीत पांढरी टाइल्स असते. तिच्यावर ठिपके सापडत नाहीत, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि वस्तू तरंगायला लागते. उपाय सोपा आहे. खाली चटई किंवा वर्तमानपत्र पसरा, खिडकी उघडा आणि फोन हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा.

ही कल्पना नवी नाही. आयकिया कंपनीने 2017 मध्येच "आयकिया प्लेस" हे अ‍ॅप आणलं होतं. घरबसल्या सोफा खोलीत ठेवून बघा, एवढंच त्याचं काम. आणि छोट्या गावातून असं काही होत नाही असं वाटत असेल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले सर आठवा. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मुलांना कागदावरून फोनवर नेण्याचं त्यांचं काम जगाने पाहिलं आणि 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. आज यूपीआयमुळे आपल्या गिऱ्हाइकाला क्यूआर कोड शिकवावा लागत नाही. तो वस्तूवर चिकटवला की अर्धं काम झालं.

सॉफ्टवेअर बंद पडतं, फाईल राहते

आता मुद्द्याचं. इन्स्टाग्राम-फेसबुकवरचे एआर फिल्टर बनवायला मेटा कंपनीचं "मेटा स्पार्क" होतं. जगभर कितीतरी जण त्यावर पोट भरत होते. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने घोषणा केली आणि 14 जानेवारी 2025 ला ते बंद. बाहेरच्या लोकांनी केलेले फिल्टरही निघून गेले. गूगलचं "पॉली" हे 3डी मॉडेलांचं संकेतस्थळ 30 जून 2021 ला बंद झालं. अडोबीचं "एरो" हे खास एआर सीन मांडायचं सॉफ्टवेअर, तेही 2025 मध्ये कंपनीने गुंडाळलं.

म्हणून हजारो रुपये भरून एकाच सॉफ्टवेअरचा कोर्स करायच्या आधी एक प्रश्न विचारा: "उद्या हे बंद पडलं तर माझं काम मला बाहेर काढता येईल का?" उत्तर "नाही" असेल तर त्यावर धंदा उभा करू नका. शिकायला वापरा, हरकत नाही.

काम बाहेर काढायचा रस्ता म्हणजे जीएलबी फाईल. जीएलटीएफ नावाच्या खुल्या पद्धतीची ही एकसंध फाईल असते. आकार, रंग, पोत सगळं एकातच. ही पद्धत ख्रोनोस ग्रुप ही संस्था सांभाळते आणि 2022 मध्ये तिला आयएसओचं आंतरराष्ट्रीय प्रमाण मिळालं आहे. एका कंपनीने दुकान बंद केलं तरी ही फाईल दुसरीकडे उघडते. आयफोन स्वतः यूएसडीझेड नावाची वेगळी फाईल वापरतो, त्याचं पुढे सांगतो.

सुरुवातीला काय लागतं?

- मोजायची टेप. चांगली, पाच मीटरची. हे तुमचं पहिलं यंत्र.
- ब्लेंडर हे सॉफ्टवेअर. पूर्ण मोफत आणि 2002 पासून खुलं. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत.
- किमान 8 जीबी रॅमचा कॉम्प्युटर. नसेल तर लगेच कर्ज काढू नका. मित्राच्या किंवा इन्स्टिट्यूटच्या मशीनवर पहिली दोन मॉडेल करा, मग ठरवा.
- एआर चालणारा फोन. अँड्रॉइडमध्ये गूगलची एआरकोर सुविधा लागते आणि प्रत्येक स्वस्त फोनमध्ये ती नसते. गूगलने चालणाऱ्या फोनांची यादी दिलेली आहे, तुमचं मॉडेल त्यात बघून घ्या.

पहिला प्रोजेक्ट: देव्हारा

सोफा, गादी, पडदे यांच्यापासून सुरुवात करू नका. त्यांच्या घड्या आणि गोलाई नवख्याला दमवते. देव्हारा म्हणजे फळ्या, चार खांब आणि वर कळस. शिवाय तो कोनाड्यात किंवा ठरलेल्या जागी बसवायचा असतो, म्हणजे मापाला खरी किंमत येते.

1. माप लिहा. रुंदी, खोली, उंची आणि फळीची जाडी. समजा रुंदी 2 फूट, खोली दीड फूट, उंची 3 फूट. वहीत लिहा, आणि वस्तूचे समोरून, बाजूने, मागून फोटो काढा.

2. एकक सांभाळा. ब्लेंडर आणि जीएलबी दोघंही मीटरमध्ये चालतात. 1 फूट म्हणजे 0.3048 मीटर. म्हणजे 3 फूट म्हणजे 0.914 मीटर. ब्लेंडरमध्ये मापाच्या चौकटीत आकड्यापुढे फुटाचं इंग्रजी लघुरूप लिहिलं तर ते स्वतःच मीटर करून घेतं. माझं देऊळ इथेच झालं होतं.

3. साध्या ठोकळ्यांनी उभं करा. प्रत्येक फळी म्हणजे एक ठोकळा. माप दिल्यावर कंट्रोल-ए दाबून स्केल पक्की करा, नाहीतर पुढे कडा गोल करताना आकार वाकडा येतो.

4. तळ शून्यावर, तोंड समोर. देव्हाऱ्याचा तळ बरोबर जमिनीच्या रेषेवर ठेवा. ब्लेंडरच्या "फ्रंट" दृश्यात दर्शनी बाजू दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाला देवाची पाठ दिसेल.

5. लाकडाचा पोत द्या. "पॉली हेवन" या संकेतस्थळावरचे पोत धंद्यासाठीही मुक्त आहेत. इतर ठिकाणचं मॉडेल किंवा पोत घेताना परवाना वाचा. काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यापारी कामाला चालतच नाहीत. गूगलवरून उचललेलं चित्र नको.

6. हलकी फाईल काढा. एक्सपोर्टमध्ये जीएलटीएफ 2.0 निवडा आणि प्रकार जीएलबी ठेवा. माझा नियम आहे, एक वस्तू 5 एमबीच्या आत. गावात नेटवर्क अडखळतं आणि गिऱ्हाईक थांबत नाही.

7. टेपने तपासा. ही पायरी कोणी करत नाही. वस्तू जमिनीवर उभी करा, जमिनीवर टेप पसरा आणि रुंदी जुळते का बघा. फोनमध्ये थोडंफार इकडेतिकडे होतंच. पण 2 फुटांचे 3 दिसले तर चूक तुमच्या फाईलमध्ये आहे.

एक वस्तू जमली की मग सीन. सीन म्हणजे अनेक वस्तूंची मांडणी: पलंग, दोन बाजूची टेबलं, कपाट. इथे नवशिक्या सुंदर मांडणी करतो आणि मोकळी जागा विसरतो. कपाटाचं दार दीड फुटाचं असेल तर ते उघडायला समोर दीड फूट हवंच, वर माणूस उभा राहायला जागा. म्हणून दार उघडं असलेलं मॉडेल करा. गिऱ्हाइकाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडतो.

गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत कसं न्यायचं?

नवीन अ‍ॅप डाउनलोड करायला लावलंत की गिऱ्हाईक गेलं. म्हणून वेबपेज वापरा. गूगलचं "मॉडेल-व्ह्यूअर" हे मोफत आणि खुलं साधन आहे. दोन-तीन ओळींचा कोड वेबपेजवर टाकला की जीएलबी फिरवून बघता येते आणि एआरचं बटणही येतं. आयफोनसाठी लागणारी फाईल ते बरेचदा स्वतःच तयार करतं, पण एकदा खऱ्या आयफोनवर बघून घ्या. एआर न चालणाऱ्या फोनवर किमान वस्तू फिरवून तरी दिसते.

त्यात दोन सेटिंग विसरू नका. एक, स्केल "फिक्स्ड" ठेवा. नाहीतर गिऱ्हाईक दोन बोटांनी कपाट लहान करतं आणि "बसतंय की!" म्हणून ऑर्डर देतं. दोन, भिंतीवर टांगायची वस्तू असेल तर जागा "वॉल" निवडा. मग पेजचा क्यूआर कोड काढून दुकानातल्या वस्तूवर लावा किंवा लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

दुकानदाराशी काय बोलायचं?

"एआर", "टेक्नॉलॉजी" हे शब्द खिशात ठेवा. लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादला, दुकानात गेल्यावर एकच विचारा: "मालक, मापामुळे माल परत येतो का?" येत असेल तर त्यांच्या एका वस्तूचं मॉडेल करून त्यांच्याच दुकानात दाखवा.

दर ठरवताना तास मोजा. समजा माप, मॉडेल आणि तपासणी मिळून एका वस्तूला 6 तास लागले आणि तासाला 150 रुपये धरले, तर 900 रुपये झाले. दहा वस्तूंचे 9,000. तुमचे तास वेगळे असतील, पण हिशोब असाच करा. या गोष्टी आधीच लिहून घ्या: दुरुस्त्या किती वेळा फुकट, वेबपेज कोण सांभाळणार, फाईल कोणाच्या मालकीची, आणि अर्धे पैसे आगाऊ.

आणि दुकानदाराला खरं सांगा. फोनमधला सागवानी रंग आणि प्रत्यक्ष पॉलिश यात फरक पडतो, म्हणून रंगाचा नमुना हातातच दाखवावा. शेवटची ऑर्डर टेपच्या मापावरच घ्यावी. एआर "साधारण बसेल का, कसं दिसेल" हे सांगतं, सुताराचं माप ते घेत नाही. हे आधी सांगणाऱ्यालाच पुढचं काम मिळतं.

या आठवड्याचं काम

घरातली एकच चौकोनी वस्तू निवडा: स्टूल, टीव्हीचं टेबल, धान्याची कोठी, काहीही. माप घ्या, मॉडेल करा, जीएलबी काढा आणि खऱ्या वस्तूच्या शेजारीच फोनमधली उभी करा. दोन्ही सारख्याच उंचीच्या दिसल्या की समजा, तुम्ही दुकानाची पायरी चढायला तयार आहात. फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण मॉडेल-व्ह्यूअरचं पेज सुरुवातीपासून एकत्र बनवू. तोपर्यंत टेप हाताशी ठेवा!